कोंडाबाई, हात लाव गं

मी तिला पहिल्यांदा नीट पाहिलं, तेव्हा ती मला कोंडाबाई वारल्याची बातमी देत होती.

पासलीच्या शाळेत माझी नुकतीच बदली झाली होती. पहिलीच्या वर्गाची हजेरी घेताना रोज एका नावाशी माझं अडायचं. "कोंडाबाई धनाजी ढेबे," असं मी म्हणायचे आणि वर्ग गप्प बसायचा. मी गैरहजेरी लावून पुढे जायचे. शेवटी एक दिवस मी विचारलं, "अरे, ही कोंडाबाई कोण? एकदाही शाळेत आली नाही. कुणाला ठाऊक आहे का तिचं घर?"

दाराजवळच्या रांगेतून एक मुलगी उभी राहिली. तेल लावून घट्ट घातलेल्या दोन वेण्या, आणि गणवेश इतका मोठा की अर्ध्या बाह्या कोपराच्या खाली आलेल्या. ती रोज यायची, मुकाट्याने बसायची, अक्षरं छान गिरवायची. शाळेत इतकी नवी मुलं होती, की ही कोण हे विचारायचं माझ्याकडून राहूनच गेलं होतं. तिने हात जोडले आणि समजावणीच्या सुरात म्हणाली, "बाई, ती वारली."

"कोण वारली?"

"कोंडाबाई. माझी आजी व्हती. म्या व्हायच्या आधीच वारली. तुमी रोज हाका मारता, पन ती न्हाई यायची."

वर्गातलं कुणी हसलं नाही. वाडीवरच्या मुलांना ते खरंच ठाऊक होतं.

"बरं. आणि बाळ, तुझं नाव काय?"

तिने जरा विचार केला. "आई आत्याबाई म्हनती. बा आय म्हनतो."

रविवारी मी तिच्या वाडीवर गेले. पासलीच्या पुढे चढण चढून गेलं की घाटमाथ्यावर गवळी-धनगरांची चार-दोन घरं आहेत. त्यातलं अगदी कडेचं घर धनाजी ढेबे यांचं. त्याच्यापुढे जमीन संपते आणि कोकणात उतरणारी जुनी पायवाट सुरू होते. धनाजी अंगणात शेळीचा खूर बघत बसले होते. त्यांची बायको सगुणाबाई डोईवरचा पदर सावरत उंबऱ्यात आली.

"मुलीचं नाव शाळेत कोंडाबाई लावलंय ना?" मी विचारलं.

सगुणाबाईने जीभ चावली. "व्हय. शेजारच्या गेनबांनी सांगितलं मागच्या गुरुजींस्नी. त्येच हाय."

"मग तिला कुणी सांगितलं नाही का?"

"कसं सांगू, बाई? सासूचं नाव हाय. माज्या तोंडानं कसं घिऊ?"

मी धनाजींकडे पाहिलं. ते म्हणाले, "आन् मला कसं घेता यील? आईला कुनी नावानं हाक मारतंय व्हय?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. पोरगी शाळेत जाण्याएवढी झाली आणि तिला तिचं नावच ठाऊक नाही, हे त्या क्षणी प्रथमच त्यांच्या ध्यानात आलं असावं. सगुणाबाई पदराचा बोळा तोंडात धरून हसायला लागली. धनाजी खाली मान घालून हसले. मग सगुणाबाईने हाक मारली, "आत्याबाई, जरा हिकडं या."

गोठ्यामागून ती करडू कडेवर घेऊन आली. अख्ख्या वाडीत आईने अहोजाहो केलेलं ते एकटंच मूल होतं. तिकडे सुना सासूला आत्याबाई म्हणतात. सासूचं नाव मुलीला ठेवलं म्हटल्यावर सगुणाबाईने सासूची हाकही तिलाच देऊन टाकली होती, मानासकट.

आईला सांगता येईना, बापाला सांगता येईना, म्हणून मग ते काम माझ्याकडे आलं. मी म्हटलं, "बाळ, तुझं नाव कोंडाबाई आहे."

"पन ती तर मेली."

"हो. तिचंच नाव तुला ठेवलंय."

तिने करडू खाली ठेवलं. माझ्याकडे बघून विचारलं, "मग माझं कुठाय?"

मी काहीतरी उत्तर दिलं. ते आता आठवत नाही, तिलाही आठवत नाही. प्रश्न मात्र दोघींच्या लक्षात राहिला.

पुढच्या चार वर्षांत मी तिला जवळून पाहिलं. ती बडबडी नव्हती, पण हसली की मोकळं हसायची. डबा खाताना भिंतीकडे तोंड करून बसायची; इतर मुलींच्या डब्यात काय आहे हे बघावंसं वाटू नये म्हणून, असं तिने मला एकदा सांगितलं होतं. हाताला कमालीची स्वच्छता. कागदाची घडी घालून कातरली की दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या यायच्या. आणि हजेरीच्या वेळी मी तिच्या नावाचं पहिलं अक्षर उच्चारायच्या आत ती "हजर, बाई" म्हणून मोकळी व्हायची. पुढची अक्षरं माझ्या तोंडातच राहायची.

कारण उघड होतं. तिच्या वर्गात एक मोहिनी होती आणि एक वर्षाराणी. वर्षाराणीचं नाव तिच्या बापाने कुठल्या तरी लग्नपत्रिकेत वाचून ठेवलं होतं आणि तिला त्याचा भारी अभिमान. मधल्या सुट्टीत या दोघी हिच्यामागे लागायच्या. "ए आज्जे, काठी कुठं ठिवली?" "आज्जे, दात हायेत का पडले?" सुरुवातीला ती मारामारी करायची. एकदा वर्षाराणीची वेणी धरून तिने तिला पाण्याच्या टाकीपर्यंत ओढत नेलं. नंतर ती नुसतीच हसायला शिकली. वेल्ह्याच्या हायस्कुलात गेल्यावर ती हसायचीही बंद झाली, असं मी ऐकलं.

आईला ती अधूनमधून विचारायची, "आजी कशी व्हती गं?" सगुणाबाई म्हणायची, "लई चांगलं मानूस." बस. पुढे काही नाही. सगुणाबाई मुळात कमी बोलणारी. त्यात ज्यांचं नाव घ्यायचं नाही त्यांच्याविषयी बोलायचं तर "आमच्या ह्यांच्या आई", "थोरल्या" अशी वळणं घेत जावं लागतं. तेवढं ती कशाला बोलेल?

मग माझी बदली झाली. आणखी दोन शाळा झाल्या आणि मी निवृत्त होऊन भोरला घरी आले. एका दिवाळीच्या आधी ब्लाऊज शिवायला टाकायचे म्हणून बाजारपेठेतल्या एका लेडीज टेलरकडे गेले. मालकीणबाईंनी आत हाक दिली, "शेफाली, ह्या बाईंचं माप घे गं."

गळ्यात टेप अडकवलेली एक उंच मुलगी पडद्यामागून आली आणि मला पाहून जागच्या जागी थांबली. कपाळावर लहानपणी करडाचं शिंग लागल्याचा व्रण. मी तिला लगेच ओळखलं. तिने डोळ्यांनीच माझ्यापुढे हात जोडले.

मी म्हटलं, "शेफाली, बाह्या जरा लांब ठेव हं. मला आखूड आवडत नाहीत."

तिने सोडलेला श्वास मला ऐकू आला. माप घेताना ती अगदी हळू बोलली, "बाई, रागावलात?"

"छे! पण मला सवय होईपर्यंत मी चुकणार बघ. कुठून आणलंस हे नाव?"

"वेल्ह्याला सरकारी दवाखान्यात एक डाक्टरीनबाई आल्या व्हत्या. त्यांच्या छातीवर लिवलेलं व्हतं. हितं मालकिनीनं नाव इचारलं तवा त्येच तोंडात आलं. म्हनलं, घिऊ."

रानातलं करवंद तोडून घ्यावं तसं तिने ते घेतलं होतं. मला हसू आलं आणि तीही हसली, पूर्वीसारखी. तेव्हापासून ती माझ्या घरी येऊ लागली. सुट्टीच्या दिवशी यायची, माझ्या स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून उभी राहायची आणि न सांगता भाजी निवडायला घ्यायची. माझं कुणी नसलेलं घर त्यामुळे किती भरलेलं असायचं, हे मी तिला कधी बोलून दाखवलं नाही. तिला ते कळत असावं.

तिचं लग्न ठरलं ते शिवऱ्याच्या रोहिदासशी. हमरस्त्याला लागून त्यांचं थोडं शेत आणि टायरचं दुकान. मुलगा साधा, बोलायला गमत्या. बघायला आला तेव्हा दोघांना बोलायला बाहेर पाठवलं, तर हिने पहिलाच प्रश्न विचारला, "तुमच्यात लग्नात नाव बदलत्यात का?"

"बदलतात की. ताटात तांदूळ पसरायचे आन् अंगठीनं लिहायचं."

"मग शेफाली लिवाल का?"

"मला काय, तुमी म्हनाल त्ये लिवतो," रोहिदास म्हणाला. "पन लई अवघड नको. माझा हात टायरवाल्याचा हाय."

ही ताटाची पद्धत घाटमाथ्यावर पूर्वी नव्हती, पण हमरस्त्याच्या गावांत आता सगळीकडे आहे. हिने तिच्यावर सगळी भिस्त ठेवली होती. माझ्या ओट्याशी उभी राहून ती म्हणाली, "बाई, ह्ये नाव बदललं की माझं सोताचं कायतरी हुईल. दुसऱ्याचं वापरलेलं न्हाई. आन् आजून एक. शेफाली झाले की आई मला नावानं हाक मारंल. तिला आडकाठी न्हाई ना मग."

हे दुसरं कारण मला तोवर सुचलंच नव्हतं. चोवीस-पंचवीस वर्षांची झाली होती ती, आणि आईच्या तोंडून स्वतःचं नाव तिने एकदाही ऐकलेलं नव्हतं.

"आईला विचारलंस?"

"इचारलं. म्हनली, म्हनंन की."

लग्नाच्या आधी ती एकदा माझ्याकडे आली, ती दारातूनच म्हणाली, "बाई, आधी चहा टाका. मग सांगते." पुढचं सगळं मी तिच्याकडून ऐकलं, आणि काही भाग नंतर सगुणाबाईकडून.

ढेब्यांच्या घरची एक रीत होती. घरात लग्न निघालं की पहिलं आवतण घाटाखालच्या गावात जायचं. धनाजींच्या आईने पाडलेली रीत. त्या गावात नात्याचं कुणी नाही, सोयरीक नाही, तरीही. या खेपेला धनाजींचा गुडघा धरला होता, म्हणून सगुणाबाई आणि ही अशा दोघी अक्षता घेऊन निघाल्या. हिला जायचं नव्हतं. "फोन केला आसता की," असं ती उतरताना अर्ध्या वाटेपर्यंत म्हणत होती. पायवाट मोडलेली, झुडपांनी भरलेली. मोटारीचा रस्ता झाल्यापासून त्या वाटेने फारसं कुणी जात नाही.

खाली गावाच्या वेशीपाशी एक बाई लाकडाची मोळी डोक्यावर घ्यायला धडपडत होती. ह्या दोघी मागून येत होत्या. त्या बाईला पावलं ऐकू आली असतील. तिने वळूनही न बघता हाक मारली, "कोंडाबाई, हात लाव गं!"

"बाई, माझ्या अंगावर काटा आला," ती मला म्हणाली. "त्या गावात म्या जन्मात गेले न्हवते. म्या आईला म्हनलं, हिला माझं नाव कसं ठावं? तर आई खाली बगून हासती हाय!"

"अगं कोंडाबाई, ऐकतेस ना? मान मोडली माझी!"

ही पुढे झाली आणि मोळी उचलून तिच्या डोक्यावर दिली. बाई तिच्याच वयाची होती, अगदी अनोळखी.

"तुमी मला वळकता?" हिने विचारलं.

"नाही बा. कुणाकडची तू?"

"मग नाव कसं घेतलंत?"

"कुणाचं नाव?"

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग सगुणाबाईने हिचा हात धरला आणि जवळच्या एका अंगणात नेलं. आंब्याखाली बाजेवर अंबूबाई नावाची एक म्हातारी सुपात कुळीथ पाखडत बसली होती. सगुणाबाईने अक्षता दिल्या आणि म्हणाली, "वरनं आलोय. घाटमाथ्यावरनं. लेकीचं लगीन हाय."

"घाटमाथ्यावर कुणाच्या?"

"कडंच्या घरात. आमच्या ह्यांच्या आई... त्या थोरल्या... वाटंवर असायच्या बगा..." सगुणाबाई वळणं घेऊ लागली.

अंबूबाईने कानामागे हात धरला. "कोण म्हणतेस?"

सगुणाबाईने लेकीकडे पाहिलं. आता बोलायला दुसरं कुणीच नव्हतं. अनोळखी माणसाला शेफाली म्हणून सांगायची सवय झालेल्या पोरीला ते नाव घ्यावं लागलं. "कोंडाबाईच्या घरातल्या," ती म्हणाली.

अंबूबाईचे सुपातले हात थांबले. "कोंडाबाईच्या? कोंडाबाई तर कधीच वारली, पोरी."

"ती वारली," ही म्हणाली. "म्या कोंडाबाई. तिची नात."

"म्हातारीची मस्करी करतेस?"

"न्हाई वो. माझं नाव हाय त्ये. आईला इचारा."

सगुणाबाईने मान हलवली. अंबूबाईने सूप बाजूला ठेवलं, हिला बाजेवर बसवलं, आणि घरातल्या सुनांना हाका मारून बोलावलं. मग तिने जे सांगितलं ते हिने मला जसंच्या तसं सांगायचा प्रयत्न केला.

रस्ता नव्हता तेव्हा खालच्या बायका सुकट, आंबे, मडकी डोक्यावर घेऊन घाट चढून वेल्ह्याच्या बाजाराला जायच्या. डोक्यावर मोठं ओझं असलं की एकटीला ते खाली घेता येत नाही, आणि कसंबसं घेतलंच तर पुन्हा चढवता येत नाही. त्यामुळे अख्खा घाट न बसता चढायचा. वर पोचेपर्यंत पाय लटपटायला लागायचे. आणि वर पहिलं घर कोंडाबाईचं.

"शेवटच्या वळणावरूनच ओरडायचं, कोंडाबाई, हात लाव गं! की आली ती धावत. भाकऱ्या थापत असली तर तशीच, पिठाच्या हातांनी. टोपलीला पिठाची बोटं उठायची. बाजारातल्या बाया म्हणायच्या, कोंडाबाईचा हात लागलाय वाटतं! पाणी द्यायची, पुन्हा ओझं चढवून द्यायची, आणि म्हणायची, निघा आता, मला कामं हायेत. गोड बोलणं तिला ठाऊक नव्हतं बरं का. माझी सुकट एकदा तिच्या अंगणात सांडली, तर काय बोलली मला! दोन बाजार मी तोंड फिरवून गेले. पण हाक मारल्यावर आली नाही असं एकदाही झालं नाही."

अंबूबाईने घाटाकडे हात केला. "पुढे रस्ता झाला, गाड्या आल्या. ओझी बंद झाली नाहीत, पण घाट सुटला. हाक तेवढी राहिली. आमच्याकडे ओझ्याला हात हवा असला की अशीच हाक मारतात, समोर कुणी का असेना. या पोरींना विचार, कोण कोंडाबाई? त्यांना वाटतं असंच म्हणायचं असतं."

सुना हसल्या. मोळीवाली बाईही एव्हाना येऊन उभी राहिली होती. ती म्हणाली, "मला वाटायचं देवीबिवीचं नाव असेल."

"ती वारली त्याचा आम्हाला पत्ता नव्हता," अंबूबाई पुढे म्हणाली. "बाजाराला निघालो, वळणावरून हाक मारली. कुणी आलं नाही. पुन्हा मारली. मग घरातून एक पोटुशी सून आली. डोळे सुजलेले. काही बोलली नाही. ओझं उतरवलं, पाणी दिलं, ओझं चढवलं."

"ती म्या," सगुणाबाई म्हणाली.

आणि मग त्या कमी बोलणाऱ्या बाईने लेकीकडे न बघता, सुपातल्या कुळथाकडे बघत सांगितलं. हाक आली आणि ओ द्यायला घरात कुणी नव्हतं, ते तिला फार लागलं होतं. पोटात मूल होतं. तेव्हाच तिने ठरवलं. बारशाला नाव विचारलं, तेव्हा तिने भिंतीवरच्या खुंटीकडे बोट केलं. तिथे सासूची चुंबळ टांगलेली होती, डोक्यावर ओझ्याखाली ठेवायची ती कापडाची चुंबळ. धनाजींच्या बहिणीला ते कळलं आणि तिने बाळाच्या कानात नाव सांगितलं.

"म्हंजी नाव तू ठिवलंस?" ही म्हणाली. "मला वाटलं बाच्या घरच्यांनी ठिवलं."

"म्याच ठिवलं."

"तुला घेता येनार न्हाई, त्ये नाव?"

"मला न्हाई आलं तरी चालतंय," सगुणाबाई म्हणाली. "पन लोकांस्नी घेता याया पायजे. त्यांनी हाक मारली तर कुनीतरी आसाया पायजे ना."

हे मला सांगताना ही माझ्या ओट्याशी उभी होती. हातातला चहा निवून गेला होता.

अंबूबाईने हिचे हात हातात घेऊन उलटेपालटे करून बघितले. सुईने टोचलेली बोटं, पातळ मनगटं. "बारीक आहेत गं. तिचे केवढे होते!" असं म्हणून ती जरा निराशच झाली. मग गावातल्या घराघरातून नारळ, कोकमं, सुकट, एक भलामोठा फणस असं निघालं. एका टोपलीत मावेना म्हणून पिशवी भरली. पिशवी हिने घेतली, टोपली सगुणाबाईने डोक्यावर घेतली, आणि उन्हं कलल्यावर दोघी घाट चढायला लागल्या.

शेवटचा चढ आला तेव्हा ही पुढे झाली आणि अंगणात पिशवी ठेवून पाणी प्यायला घरात शिरली. तेवढ्यात खालून, वळणावरून हाक आली.

"कोंडाबाई, हात लाव गं!"

आवाज आईचा होता.

"बाई, तांब्या तसाच टाकला म्या," ती मला म्हणाली. "धावत सुटले. ओ द्यायची बी इसरले. टोपली उतरवली तर आई पदरानं तोंड पुसाया लागली. घाम आसंल. मला म्हनली, पानी आना, आत्याबाई. जसं काय झालंच न्हाई."

मी नंतर सगुणाबाईला याबद्दल छेडलं. म्हटलं, सासूचं नाव घेतलंत म्हणे! ती हसली, पण सापडली नाही. "नाव कुठं घेतलं, बाई? ती तर खालच्या बायांची हाक हाय. ओझं व्हतं डोईवर, म्हनून मारली."

लग्न पासलीला झालं. नवरीबरोबर सासरी पाठराखीण म्हणून घरातली वडीलधारी बाई जाते. ती मला म्हणाली, "मला आजी न्हाई, बाई. तुमी या." आयुष्यात मला पुष्कळ मान मिळाले, निरोप समारंभही झाला, शाल-नारळही मिळाले. पण त्या दिवशी शिवऱ्याच्या वाटेवर तिच्या शेजारी टेम्पोत बसताना मला जे वाटलं ते वेगळंच होतं.

शिवऱ्याला माप ओलांडून आत आल्यावर ताट आलं. तांदूळ पसरलेले, अंगठी रोहिदासच्या हातात. सगळ्या बायका भोवती वाकल्या. त्याने जीभ दाताखाली धरून मोठ्या काळजीने पहिलं अक्षर काढलं, शे. पुढचं काढायच्या आत हिने त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"पुसा."

"का? चांगलं आलंय की," रोहिदास म्हणाला. "आठवडाभर पिठात गिरवलंय म्या."

"कोंडाबाई लिवा."

सासूने विचारलं, "अगं, पन त्ये तर तुझं जुनंच नाव हाय ना?"

"जुनं आजीचं व्हतं, आत्याबाई. मला नवंच हाय. आत्ता कुठं मिळालं."

रोहिदासची मावशी कुरकुरली, "आसं कुठं आसतंय? मग बदललं काय?"

सासूने सुनेकडे पाहिलं. मघाशी ती तिला आत्याबाई म्हणाली होती, त्याचं तिला बरं वाटलं असावं. ती म्हणाली, "लिव रं. सांगती तसं लिव. सकाळपासनं सगळी ताटकळल्यात."

रोहिदासने तळहाताने तांदूळ सारखे केले. यावेळी सराव नव्हता, म्हणून अक्षरं मोठी आली, आणि शेवटची ई ताटाच्या काठाला जाऊन टेकली. "ताट ल्हान पडलं," तो म्हणाला, आणि सगळ्यांना हसू फुटलं.

मी जन्मभर मुलांची नावं हाकारत आले. बहुतेक मुलं "हजर" म्हणतात आणि खाली बसतात. ही मला वेगळी आठवते, कारण तिला ओ द्यायला पंचवीस वर्षं लागली आणि ती दिलेली मला बघायला मिळाली.

आता हमरस्त्याच्या बाजूला, रोहिदासच्या टायरच्या दुकानाला लागूनच तिचं शिवणकामाचं दुकान आहे. पाटीवर "कोंडाबाई लेडीज टेलर" असं आहे. रंगवणाऱ्याने विचारलं होतं, म्हातारीच्या नावानं काढताय का दुकान, तर ती म्हणाली, "व्हय, आन् माझ्या बी." मोहिनी तिच्याकडेच ब्लाऊज शिवायला टाकते. सगुणाबाईचा रोज सकाळी मोबाईलवर फोन येतो, आणि ती अजूनही विचारते, "आत्याबाई, जेवला का?"

दुकान सोमवारी बंद असतं. त्या दिवशी ती पासलीला आईकडे जाते.